कला केंद्रातील पहिले वर्ष : आलेल्या चित्राची स्थिती आधी लिहून घ्या

पणजीतील एका बहुविध कला केंद्रात मी कार्यक्रम साहाय्यक म्हणून रुजू झाले, त्याला या जूनमध्ये एक वर्ष पूर्ण झाले. अनेक कला एका आवारात नांदतात याचे गोव्यात वाढलेल्या माणसाला नवल वाटत नाही. देवळाच्या आवारात संध्याकाळी कीर्तन, मग पालखी आणि रात्री उशिरा नाटक हे आपण लहानपणापासून पाहतो. कांपाल येथे मांडवीच्या काठी चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमीची वास्तूही आपल्या परिचयाची असते. एकत्र नांदणाऱ्या या कलांना हवा, उजेड आणि जमीन मात्र वेगवेगळी लागते, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि मीही कोणाला विचारली नव्हती.

माझी चूक चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात घडली. कलादालनात एका मुद्राचित्रकार (ठसे उमटवून चित्रे करणाऱ्या) बाईंची कागदावरील चित्रे लावलेली होती आणि शेजारच्या सभागृहात गायनाची बैठक होती. वातानुकूलन यंत्रणा दोन्ही जागांना सामाईक आहे. थंड हवेत तानपुरा सुरात टिकत नाही, म्हणून कलाकारांनी यंत्रणा बंद ठेवण्याची विनंती केली. ती अगदी रास्त होती आणि मी लगेच होकार दिला. बैठक उत्तम झाली. त्यानंतर यंत्रणा पुन्हा सुरू करण्याचे काम पहारेकरी करतील असे मी गृहीत धरले, ते काम माझे आहे असे पहारेकऱ्यांनी धरले, आणि दुसऱ्या दिवशी चवथीच्या सुट्टीसाठी सारेच आपापल्या गावी गेलो. चार दिवसांनी दालन उघडले तेव्हा कागद लाटांसारखे फुगले होते आणि तीन चित्रांच्या कडेला करड्या बुरशीचे ठिपके दिसत होते.

पावसाळ्यात आपल्याकडे हवेतील सापेक्ष आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. ती ७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली तरी कागदावर बुरशी धरू शकते. हे मी नंतर वाचले. परंतु खरा फास वेगळाच होता. चित्रकार बाईंनी शांतपणे विचारले, "यातले कोणते ठिपके इथे येण्यापूर्वीचे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण चित्रे आली त्या दिवशी मी केवळ नग मोजून पावती दिली होती. काही ठिपके जुने असावेत असे मला आजही वाटते, पण तसे म्हणण्याचा अधिकार मी पहिल्याच दिवशी गमावला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढे कित्येक दिवस कलादालनाचे दार उघडताना माझा हात थबकत असे.

म्हणून कळकळीने सांगते : वस्तू ताब्यात घेताना तिची स्थिती लिहा. पावसातून आलेली पेटी लगेच उघडू नका, तिला एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्या. मग पुढची बाजू, मागची बाजू आणि चारही कोपरे यांची छायाचित्रे घ्या. विजेरी बाजूने तिरपी धरली की सरळ उजेडात न दिसणारी सुरकुती, उचललेला रंग आणि जुना डाग उठून दिसतो. चौकटीची काच कागदाला टेकलेली आहे का, हुक सैल आहे का, हेही पाहा. "ठीक आहे" असे कधीही लिहू नका. "खालचा उजवा कोपरा, काठापासून दोन बोटांवर, तपकिरी ठिपका" असे लिहा. तारीख घाला आणि दोघांच्या सह्या घ्या. हेच भिंतीवर लावताना, उतरवताना आणि परत पाठवताना पुन्हा करा. तुम्ही अविश्वास दाखवता असे कोणी म्हणाले तरी थांबू नका, कारण ही नोंद कलाकाराचेही रक्षण करते. त्याच वहीत यंत्रणा कोणी, केव्हा आणि कशासाठी बंद केली आणि ती पुन्हा कोण सुरू करणार हेही लिहा.

आणि बुरशी दिसलीच, तर ओल्या फडक्याने पुसू नका. ती कागदात आणखी मुरते. चित्र वेगळे ठेवा, तोंडाला मुखपट्टी बांधा आणि जाणकाराला बोलवा.

यातले काहीही अवघड नाही. चित्रकलेची पदवी नसली तरी हे जमते. मी स्वतः फोंडा तालुक्यातील जत्रेच्या नाटकांत पडदा ओढत इथवर आले. शनिवार-रविवारच्या अभ्यासवर्गांतून कलादालन चालवणे शिकता येते यावर माझा विश्वास नाही. त्या शुल्काच्या तुलनेत एक आर्द्रतामापक फारच स्वस्त पडतो आणि अधिक शिकवतो. मार्गदर्शक निवडतानाही, चार मोठ्या माणसांशी ओळख करून देणाऱ्यापेक्षा तुमची नोंदवही वाचून त्यात तांबड्या शाईने खुणा करणारा माणूस धरा. मला तो आमच्या प्रकाशयोजनाकारांच्या रूपाने भेटला. कागदावरील चित्रांसाठी उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवावा हे त्यांनीच मला प्रकाशमापक हातात देऊन शिकवले.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दम घ्यायला वेळ मिळत नाही, इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि सेरेंडिपिटी हा कला महोत्सव यांच्या दिवसांत तर पणजीत मांडणीचे कुशल कामगार मिळणेही कठीण होते. त्यामुळे पावसाळ्याचे निवांत महिने वाया घालवू नका, नोंदींची सवय तेव्हाच लावून घ्या.

डागाळलेल्या चित्रांच्या दुरुस्तीचा खर्च केंद्राने उचलला. जानेवारीत त्याच चित्रकार बाई एका सामूहिक प्रदर्शनासाठी दोन नवी चित्रे घेऊन आल्या. मी विजेरी तिरपी धरली आणि त्या माझ्या शेजारी वाकून पाहू लागल्या. माझ्या नजरेतून निसटलेला, केसाएवढा बारीक ओरखडा त्यांनीच बोटाने दाखवला आणि म्हणाल्या, "हा लिही, बाय. हा माझ्या हातून झालाय."