थंड पाण्यातल्या सर्फिंगनंतर नाक-कान मोकळे ठेवायला

पाण्यातून बाहेर येऊन दोन तास झाले, बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि नाकातून खारट पाण्याची धार लागली? वर कानाला दडा बसलेला. यावर मी हे करते:

१. कोरड्या कानात इअर प्लग घालूनच पाण्यात उतरायचं, वर निओप्रीनची (थंडी अडवणाऱ्या रबराची) टोपी. पहिल्या लाटेनंतर प्लग घातला तर पाणी आतच कोंडतं.

२. बाहेर येताच ओणवं व्हायचं, टाळू जमिनीकडे. डोकं सावकाश डावीकडे, मग उजवीकडे वळवायचं. पाणी थेंबथेंब गळतं. ते थांबेपर्यंत घाई नको. चक्कर आली तर लगेच बसा. मग एकेक नाकपुडी हलकेच शिंकरायची, जोर लावला तर पाणी कानाकडे ढकललं जातं.

३. मान कलती करून बाहेरचा कान वर-मागे ओढायचा. हेअर ड्रायर अगदी मंद, हातभर लांबून.

कानात कापसाची काडी मात्र कधीच नको. वर्षानुवर्षं थंड पाणी आणि वारा लागून कानाच्या नळीतलं हाड वाढू शकतं, ते औषधाने जात नाही. कान वारंवार बंद होत असेल, दुखत किंवा वाहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.