लेकरं घेऊन मुंबईत येताय? आधी कागदांचं बघा

गावाकडून मुंबईला येणारी माणसं गाद्या आणतात, डबे आणतात, वर्षाची चटणी आणतात आणि कागद मात्र पेटीत ठेवून येतात. ‘पुढच्या खेपेला आणू’ म्हणतात. पुढची खेप होते दिवाळीला, नाहीतर जत्रेला. मी धाराशिवकडची, मानखुर्दला राहायला लागून बरीच वर्षं झाली. आमच्या वस्तीत दर जूनमध्ये नवी बिऱ्हाडं येतात, त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते. हातावर पोट असलेल्या, पदरात लहान लेकरं असलेल्या घरांसाठी सरकारी योजना पुष्कळ आहेत. मुंबईत गरिबी सिद्ध करणं अवघड जात नाही. अवघड जातं ते पत्ता सिद्ध करणं, आणि सगळ्या कागदांवर तुमचं नाव एकसारखं असणं.

निघण्याआधी गावातच करून घ्यायचं एक काम म्हणजे जातीचा दाखला. तो तुमच्या मूळ गावच्या उपविभागीय कार्यालयातूनच मिळतो, कारण त्यासाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, जमातीला 6 सप्टेंबर 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो. आजोबांचा शाळेतला उतारा, जुनं खासरापत्रक म्हणजे जमिनीची जुनी नोंद, हे मुंबईत बसून कोण शोधणार? मुलांच्या नावाने दाखले काढून मगच निघा. गावातलं नरेगाचं जॉबकार्डही टाकून देऊ नका. ते कुठं कामाला येतं ते पुढं सांगते.

आता रेशन. इथं आल्यावर पहिली चूक लोक करतात ती घाईघाईने गावच्या कार्डातून नाव कमी करायची. नाव कमी होतं, नवीन कार्डाला महिने जातात, आणि मधल्या काळात ना इकडचं धान्य ना तिकडचं. आता ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे गावचं कार्ड असताना मुंबईतल्या कुठल्याही अधिकृत शिधावाटप दुकानात धान्य उचलता येतं. कार्डाचा बारा अंकी नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा द्यायचा. आई-वडील गावाला आणि तुम्ही इथं असाल तर थोडं धान्य तिकडं, थोडं इकडं असंही घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदयला कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून हे फुकट आहे. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर वाद न घालता त्याच्यासमोरच रेशनच्या हेल्पलाइनला, 1967 ला फोन लावा. बहुतेकदा मशीन लगेच चालू होतं.

एक गोष्ट मात्र मराठवाडा, विदर्भातल्या लोकांनी नीट बघा. आपल्याकडच्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या केशरी कार्डावर पूर्वी स्वस्त धान्य मिळायचं. 2023 पासून त्याऐवजी रोख पैसे खात्यात यायला लागले, आधी माणशी 150 रुपये, मग 170. त्या कार्डावर मुंबईत धान्य मागायला गेलात तर मशीन नाहीच म्हणणार. दुकानदार खोटं बोलत नसतो.

मुंबईतच कायम राहायचं ठरलं तर मग कार्ड बदला. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला 59,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. मुंबईत पाच हजारांत चार माणसं जगतात कशी, हे ज्याने मर्यादा ठरवली त्यालाच विचारायला हवं.

पत्त्याचं काय करायचं? झोपडपट्टीत घरमालक भाडेकरार करून देत नाही. त्याचा जीव अडकलेला असतो, भाडेकरू पुढे खोली सोडणार नाही ही भीती. त्याच्याशी पहिल्याच दिवशी, डिपॉझिट देतानाच बोला. पैसे हातात पडल्यावर तो बोलत नाही. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार ऑनलाइन होतो. खर्च आपण करतो म्हणा, बरेच जण तयार होतात. नसेलच होत तर घरातल्या एकाचा तरी आधारवरचा पत्ता इथला करून घ्या, मग त्या कुटुंबप्रमुखाच्या आधारावर बायको-मुलांचा पत्ता बदलता येतो. पाच वर्षांखालच्या लेकराचं निळं आधार निघतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायला न्यायचं विसरू नका, नाहीतर शिष्यवृत्तीच्या वेळी कार्ड अडतं.

आणि नावं तपासा. लग्नाआधीचं नाव बँकेत, लग्नानंतरचं आधारवर, रेशनकार्डावर तिसरंच. सगळे पैसे हल्ली आधार जोडलेल्या खात्यात येतात. नाव जुळलं नाही की पैसे कुठं गेले ते कुणालाच कळत नाही. लाडकी बहीण गावात मंजूर झालेली असेल तर मुंबईला आलात म्हणून काही बदलायची गरज नाही. फक्त आपलं आधार कोणत्या बँकेच्या खात्याला जोडलंय ते माहीत हवं.

सहा वर्षांखालचं लेकरू असेल किंवा घरात कुणी पोटुशी असेल तर आल्याच्या आठवड्यातच अंगणवाडीत जा. मुंबईतली अंगणवाडी गावासारखी पाटी लावलेल्या इमारतीत नसते. ती गल्लीतल्या एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीत भरते, म्हणून शेजारणीला विचारावं लागतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहाच्या मुलांना तिथंच गरम जेवण. पत्ता इथला नाही म्हणून सेविका परत पाठवत नाहीत. आणि खरं सांगायचं तर वस्तीत कुठल्या योजनेचे फॉर्म चालू आहेत, कुठले बंद झाले, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तिच्याशी नीट बोला, तिला ‘ताई’ म्हणा. मानधन तुटपुंजं आणि सगळ्या योजनांचा बोजा तिच्याच डोक्यावर असतो.

बाळंतिणींसाठीच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत 5,000 मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6,000. ज्या कागदांवर पात्रता ठरते त्यांत असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड आहे आणि नरेगाचं जॉबकार्डही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे, तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि परत आणा. लसीच्या नोंदी त्यावरच असतात. जन्माची नोंद 21 दिवसांत करा, ती फुकट होते. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

मुलींसाठीच्या लेक लाडकी योजनेला मुलगी 1 एप्रिल 2023 किंवा त्यानंतर जन्मलेली हवी आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी. जन्मल्यावर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75,000. फॉर्म अंगणवाडीतच.

शाळेबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. नवीन आलेल्यांनी पालिकेच्या शाळेला नाक मुरडू नये. फी नाही, दप्तरापासून वह्या-बुटांपर्यंत 27 वस्तू मिळतात, आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजीसकट आठ माध्यमांच्या शाळा आहेत आणि काही ठिकाणी सीबीएसईच्या मुंबई पब्लिक स्कूलही. वर्षाच्या मध्ये आलात, शाळा सोडल्याचा दाखला गावातच राहिला, तरी आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि त्यात हे साफ लिहिलंय. ‘दाखला आणा मग बघू’ असं कुणी म्हणालं तर मुलाला घरी बसवू नका. मुख्याध्यापकांना म्हणा, तुम्ही मुलाला वर्गात बसवा, गावच्या शाळेला ऑनलाइन विनंती पाठवा. 2021 च्या शासन निर्णयाने सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांना नववी-दहावीलाही दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही.

याच कायद्याने खासगी शाळेत राखीव ठेवलेल्या 25 टक्के जागांचं आकर्षण सगळ्यांना असतं. आर्थिक दुर्बल गटाला उत्पन्न 1 लाखाच्या आत लागतं; मागास जातींना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो, म्हणून तर मघाशी तो आधी सांगितला. भाडेकरार अर्ज भरायच्या आधीचा आणि नोंदणीकृत हवा. लॉटरीत नाव लागल्यावर पडताळणीत पत्ता चुकीचा निघाला तर प्रवेश रद्द होतो. दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्यांनी यावर फार भिस्त ठेवू नये. उलट मुलगा हुशार असेल तर आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. पालिका आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ती आहे, उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत चालतं, आणि नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात. हे पालकांना कुणी सांगतच नाही.

दवाखान्यासाठी केईएम, सायन, नायर ही नावं तुम्ही ऐकलेली असतील. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात; ताप-खोकल्याला नाही, ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि मोठ्या आजारांना. रुग्णालयात शिरल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाचं टेबल शोधा, आणि पैसे भरायच्या आधी शोधा. धर्मादाय रुग्णालयांत 1 लाख 80 हजारांच्या आत उत्पन्न असलेल्यांना 10 टक्के खाटा मोफत आणि 3 लाख 60 हजारांपर्यंत 10 टक्के सवलतीच्या असतात. चकाचक इमारत बघून आत जायला बिचकू नका.

नवरा वारलेला, सोडून गेलेला किंवा अंथरुणाला खिळलेला असेल तर बालसंगोपन योजना बघा. मुलामागे महिन्याला 2,250 रुपये, अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. वेळ लागतो, पण या पैशांतून शाळा सुटत नाही.

नाक्यावर उभे राहणाऱ्या दादांनो, वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र ठेकेदाराकडून घ्या आणि बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. मुलांना पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला 2,500, आठवी ते दहावी 5,000 मिळतात. नोंदणीची फी 1 रुपया. बाहेर जो माणूस यासाठी हजार-दोन हजार मागतो, त्याला चहासुद्धा पाजू नका.

उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’वरून किंवा सेतूतून काढा, उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला अशी तीन तहसील कार्यालयं आहेत. दाखला मार्चअखेर संपतो, म्हणून एप्रिलमध्येच नवीन टाका. जूनमध्ये रांग लागते. अर्ज कुठलाही असो, पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 2015 च्या सेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे, आणि ती मुदत टळली की अपील करायला त्या पावतीवरची तारीखच लागते.