फाउंटन पेनात ड्रॉइंग इंक गेली तेव्हा

सुलेखन शिकताना हमखास होणारी चूक: बोरूसाठी (शाईत बुडवून लिहायच्या वेताच्या लेखणीसाठी) आणलेली काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरणे. अशा शाईत बहुधा लाख असते. ती वाळली की निबखालच्या जिभलीतल्या बारीक खाचा बुजतात, आणि नुसत्या पाण्याने सुटत नाहीत.

माझे पेन असे सुटले. दांडा आणि कन्व्हर्टर (शाई भरायची आतली नळी) काढून पुढचा भाग रात्रभर साध्या पाण्यात ठेवला. गरम पाणी नकोच. प्लास्टिक वाकते, इबोनाइटचा (कडक रबराचा) रंग जातो. सकाळी बिनसुईच्या सिरिंजने मागून पाणी मारले. काळे येतच राहिले, म्हणून 1 भाग घरगुती अमोनिया, 10 भाग पाणी, वर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. वीस मिनिटे, खिडकी उघडी ठेवून. (ब्लीच जवळपासही नको, विषारी वायू होतो. पितळी भागही या पाण्यात बुडवू नयेत.) पुन्हा स्वच्छ पाण्याने धुऊन, निब खाली करून टिश्यूवर रात्रभर उभे केले. टाचणीने खाच कोरायची नाही, निबचे टोक फाकते.

एवढे करूनही अक्षर पसरत असेल तर पेनाला दोष देण्याआधी कागद बघा. बेळगाव-खानापूरकडे जुलैत वही ओल धरते, शाई धाग्याधाग्याने फुटते. वही घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवावी. पानावर तळहाताखाली एक कोरा कागदही हवा. घामाचा तेलकटपणा लागला की शाई तिथे धरतच नाही.

उरलेली ड्रॉइंग इंक बोरूला खुशाल वापरा.