लडिंग्टनला सॅमनसाठी निघण्याआधी

ऑगस्टमध्ये सॅमन पकडायला अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराकाठच्या लडिंग्टनला यायचं ठरवलं असेल, तर तयारीची सुरुवात गळापासून करू नका, परत येण्यापासून करा. मिशिगन सरोवराला आपण सवयीने 'लेक' म्हणतो आणि डोळ्यांसमोर रंकाळा येतो. हे पाणी ३०७ मैल लांब आहे, सर्वांत रुंद जागी ११८ मैल आणि सर्वांत खोल जागी ९२३ फूट. पलीकडचा किनारा दिसत नाही. मी मालवणला वाढलो, खाऱ्या पाण्याची भीती कधी वाटली नाही. या गोड्या पाण्याला घाबरायला मी इथे शिकलो, आणि पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाने ते शिकूनच यावं असं मला मनापासून वाटतं.

१९६६च्या वसंतात मिशिगन राज्याने प्लॅट नदी आणि बेअर क्रीकमध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कोहो सॅमनची पिल्लं सोडली. पुढच्या वर्षी शरद ऋतूत ते मासे मोठे होऊन नद्यांच्या तोंडाशी परतले आणि हजारो लोक मिळेल ती होडी घेऊन प्लॅटच्या उपसागरावर लोटले. २३ सप्टेंबर १९६७ला वादळ आलं. लहान होड्या उलटल्या, सात जण बुडाले. मासा तिथेच होता, तो दुसऱ्या दिवशीही मिळाला असता. म्हणून माझ्या यादीतली पहिली गोष्ट म्हणजे राखीव दिवस. दोन रात्रींचं आरक्षण करा. एकच दिवस हाताशी असला की माणूस वाऱ्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो. शिकागोहून येत असाल तर घड्याळाचाही एक मुद्दा आहे: लडिंग्टन पूर्वेच्या वेळेवर चालतं, तुमचा एक तास वाटेतच जातो. पहाटे साडेचारला धक्क्यावर यायचं म्हणजे तुमच्या शरीराचे साडेतीन.

हवामानाचा अंदाज आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा निघताना वाचा, आणि तो 'निअरशोअर' म्हणजे किनाऱ्यालगतच्या पाण्याचा हवा, शहराचा नको. अंदाजाबरोबर पाण्यातल्या बोयांची प्रत्यक्ष नोंदही बघा. इथल्या लाटा समुद्रासारख्या लांब, झोके देणाऱ्या नसतात. त्या जवळजवळ, एकीमागून एक येतात, त्यामुळे तीन फुटांची लाटही वीस फुटी होडीला खिळखिळी करते. माझी मर्यादा दोन फूट. अंदाजात 'दोन ते चार' लिहिलं असेल तर मी चार वाचतो. मतलई वाऱ्यापासून विशेष जपा. पूर्वेचा वारा किनाऱ्याकडून आत वाहतो, त्यामुळे धक्क्याजवळ पाणी तेलासारखं शांत दिसतं आणि चार मैल आत गेल्यावर परतताना तोच वारा तोंडावर येतो.

लाइफ जॅकेट माणसागणिक एक, आणि ते अंगावर. सीटखाली ठेवलेलं जॅकेट कायद्याला पुरतं, माणसाला पुरत नाही. थंड पाण्यात पडल्यावर काय होतं ते मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्त यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून दाखवलं आहे. त्यांचं सूत्र मी होडीवर चढण्याआधी सगळ्यांकडून म्हणून घेतो: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला सुमारे तास. जॅकेट नसेल तर पहिलं मिनिटच शेवटचं ठरू शकतं. ऑगस्टमध्ये पाणी गरम असतं, असं कोणी म्हणालं तर त्याचं उत्तर पुढे येतंच आहे. बाकी सुरक्षेचं सामान पटकन सांगतो: व्हीएचएफ रेडिओ, आणि मदत मागायचं चॅनेल १६ कसं लावायचं हे होडीवरच्या किमान दोघांना माहीत असणं, पाण्यात पडलेल्याकडे फेकायची तरंगती उशी, शिट्टी, संकटात पेटवायचे, तारीख न उलटलेले फ्लेअर (बनवल्यापासून ४२ महिने चालतात, तारीख नळीवर छापलेली असते), आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली. २६ फुटांखालच्या होडीत ही सोय बसवलेली असेल तर ती वापरणं १ एप्रिल २०२१पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. किनाऱ्यावरच्या एका माणसाला कुठे जातोय आणि किती वाजता परतणार हे लिहून द्या.

कागदपत्रांत फारसं काही नाही. सतरा आणि त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला मिशिगनचा परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिनच्या बाजूने उतरणार असाल तर तिथे परवान्याखेरीज ट्राउट-सॅमनचा वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो, तो इथे लागत नाही. किती मासे ठेवता येतील ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा, मित्राच्या आठवणीत नको.

आता माशाकडे. ट्रोलिंग म्हणजे ट्रॉलर नव्हे. ट्रॉलर जाळं ओढतो. इथे होडी ताशी सव्वादोन-अडीच मैलांनी चालत राहते आणि मागे गळ ओढले जातात. कोकणात सुरमईसाठी होडीमागे दोर सोडतात, त्याच्याच नात्यातली ही पद्धत, फक्त इथे सगळा खेळ खोलीचा आहे आणि खोली ठरते तापमानावरून. आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो: आपल्याकडे रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण त्याचा या माशाशी काही संबंध नाही. इथे मिळतात ते किंग म्हणजे चिनूक, कोहो, स्टीलहेड, ब्राउन ट्राउट आणि लेक ट्राउट. यांतला लेक ट्राउटच काय तो इथला मूळचा. बाकी सगळे माणसाने आणलेले. जर्मनीहून आलेल्या ब्राउन ट्राउटची पिल्लं या देशात नदीत पहिल्यांदा सोडली ती एप्रिल १८८४मध्ये, बाल्डविन नदीत, आणि ते पाणी पेर मार्केट नदीतून इथेच, लडिंग्टनला सरोवरात येतं. या गावाच्या धक्क्यावर उभं राहिलं की मला हे दरवेळी आठवतं.

ऑगस्टमध्ये वरचं पाणी ७० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. किंगला ५० ते ५५ अंश लागतात, लेक ट्राउटला त्याहून थंड, स्टीलहेडला थोडं गरम चालतं. वरचं गरम आणि खालचं थंड पाणी ज्या थराशी भेटतात, तिथे किंग फिरतो. तो थर कधी ५० फुटांवर, कधी ९० फुटांवर असतो. उत्तरेचा वारा दोन दिवस लागून राहिला की मात्र या पूर्व किनाऱ्यावर सगळं उलटतं. वरचं गरम पाणी आत लोटलं जातं आणि खालचं थंड पाणी किनाऱ्यालगत वर येतं. शनिवारी मुलं ज्या पाण्यात डुंबत होती, त्यात सोमवारी पाय ठेववत नाही. 'ऑगस्टमध्ये पाणी गरम असतं' याचं उत्तर हे. मासेमारीसाठी मात्र ही चांगली बातमी असते, कारण मासाही किनाऱ्याजवळ येतो. म्हणून सामान एकाच खोलीसाठी भरू नका. मागच्या वेळी ८० फुटांवर लागला, म्हणून फक्त खोल गळांची तयारी करून आलेले लोक मी रिकाम्या हाताने परतताना पाहिले आहेत.

मिशिगनमध्ये माणशी तीन गळ चालतात. तिघे असाल तर नऊ होतात, पण पहिल्या दिवशी पाचाच्या वर जाऊ नका. दोन डाउनरिगरवर, दोन डिप्सीवर, एक लेड कोअरवर. डाउनरिगर म्हणजे दहा-बारा पौंडांचा गोळा पोलादी तारेवर खाली सोडायचा, गळाची दोरी चिमट्याने त्या तारेला अडकवायची. मासा लागला की चिमटा सुटतो. एक गोळा जादा न्या, तार तुटते. चिमट्याची पकड घरीच हाताने ओढून बघा: कोहोने ओढल्यावर सुटला पाहिजे आणि लाटेच्या धक्क्याने सुटता कामा नये. मीटरवर ८० दिसलं म्हणजे गोळा ८० फुटांवर आहे असं नाही. होडी चालत असते, गोळा मागे ओढला जातो आणि तार तिरकी होते. तार जितकी तिरकी, तितका गोळा वर.

डिप्सी ही वाटीएवढी तबकडी. पाण्याच्या दाबाने ती खालीही जाते आणि बाजूलाही. तळाच्या चकतीवर आकडे असतात, आकडा मोठा तशी ती बाजूला जास्त पळते. पाण्यात उतरण्याआधी दोन्ही डिप्सींचे आकडे बघून ठेवा. दोन्ही एकाच बाजूला पळायला लावल्या की गुंता ठरलेला. लेड कोअर म्हणजे शिशाचा गाभा असलेली दोरी, दर दहा यार्डांना रंग बदलणारी. एका रंगाला साधारण पाच फूट खोली धरा. ती तरंगत्या फळीला जोडून होडीपासून दूर बाजूला सोडायची, म्हणजे इंजिनाच्या आवाजाने बिचकलेला मासाही तिला भेटतो.

आमिषाचं खोकं लहान ठेवा. इथले सॅमन मुख्यतः एलवाइफ नावाचा चंदेरी लहान मासा खातात. अटलांटिकमधून आलेला हा मासा १९६७च्या उन्हाळ्यात इतका मेला की किनारे त्याने भरून गेले होते. म्हणून त्याच्यासारखे दिसणारे चंदेरी-निळे आणि चंदेरी-हिरवे स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं, तीन-चार, अंधारात चमकणारे दोन, स्टीलहेडसाठी नारिंगी एक. फ्लॅशर (पाण्यात फिरत चमकणारी पट्टी) आणि तिच्यामागे बांधायची माशी (धाग्यांचं आमिष) यांचे दोन जोड. माशीची दोरी सुमारे दोन फूट हवी. फार लांब झाली तर फ्लॅशरच्या हिसक्याने तिला येणारी थरथर मरते. चमकणारे स्पून उजाडण्याआधीच्या तासासाठी. बॅटरीचा झोत दाखवून ते भरून घ्यायचे, आणि तो तास किंगचा असतो. प्रत्येक गळाचं टोक नखावर टेकवून बघा: घसरलं तर कानस मारा, रुतलं तर ठीक. जुन्या सुती धोतराचा एखादा तुकडाही न्या. उन्हाळ्यात काटेरी शेपटीचे बारीक जीव दोरीला ओल्या कापसासारखे चिकटतात, काठीच्या टोकाच्या कडीत अडकतात आणि मासा लागलेला असताना दोरी गुंडाळता येत नाही. दोरी वर घेताना ती फडक्यातून ओढत राहिलं की काम चालू राहतं.

वेगाबद्दल एवढंच, की जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग सांगतो आणि खाली प्रवाह वेगळा असतो. उत्तरेकडे जाताना मासे लागले आणि दक्षिणेकडे जाताना लागेनासे झाले, तर जीपीएसचा आकडा विसरा आणि तारेचा तिरकेपणा आधीसारखा होईपर्यंत वेग बदला.

कामं किनाऱ्यावरच वाटून घ्या. तांडेल एकच. मासा लागल्यावर होडी थांबवायची नाही, कारण थांबवली की दोरी सैल पडते आणि बाकीचे गळ खाली जाऊन एकमेकांत अडकतात. काठी कोण उचलणार, दांड्याचं जाळं कोण धरणार हे आधी ठरलेलं असावं. वीस पौंडांचा किंग एका दमात दोन-अडीचशे फूट दोरी ओढून नेतो. तेव्हा त्याला अडवू नका, जाऊ द्या. जाळं पाण्यात आधीपासून धरा आणि मासा डोक्याकडून आत येऊ द्या.

नकाशावर दोन खुणा करून ठेवा. बंदरातून 'बॅजर' ही ४१० फुटांची कोळशावरची बोट पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मॅनिटोवॉकला जाते-येते. ती तोंडाशी आली की तिला वाट द्या, तिला तुमच्यासाठी वळता येत नाही. आणि गावाच्या दक्षिणेला, पाणी वर उपसून वीज करणाऱ्या १९७३च्या प्रकल्पासमोर, मासे आत ओढले जाऊ नयेत म्हणून वसंतापासून शरदापर्यंत सुमारे अडीच मैलांचं जाळं लावतात. त्यात तुमचा गोळा अडकला तर तार कापायची पक्कड लागेल. ती हाताशी हवी, खोक्याच्या तळाशी नको.

पोटाची काळजी आदल्या रात्रीपासून. बोट लागत असेल तर गोळी झोपण्यापूर्वी घ्या, होडीवर मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. आलेपाक खिशात असू द्या. जेवणाला दशम्या सर्वांत उत्तम, एका हाताने खाता येतात आणि सांडत नाहीत. रिकाम्या पोटी मात्र कोणीही चढू नका.

बर्फ वाटतो त्याच्या दुप्पट न्या. मासा वर आला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा. आता जे लिहितो आहे ते स्वयंपाक करणाऱ्यांनी नीट वाचावं. या सरोवराच्या मोठ्या, चरबीदार माशांत, विशेषतः मोठ्या लेक ट्राउटमध्ये, पीसीबी हे जुन्या कारखान्यांचं विष साठलेलं असतं, आणि ते चरबीत असतं. आपलं कालवण चरबी पातेल्यातच ठेवतं. तेव्हा कातडी काढा, पोटाची पट्टी, पाठीवरची चरबी आणि बाजूचा काळसर पट्टा कापून टाका, मगच आमसूल आणि तिरफळ. बांगड्याला जसं तिरफळ लागतं तसंच ते या तेलकट माशालाही लागतं, हे मी खात्रीने सांगतो. गरोदर बाई किंवा लहान मुलं पंक्तीला असतील तर राज्याच्या आरोग्य विभागाची मासे खाण्याबाबतची पुस्तिका आधी बघा. तिच्यात माशाच्या जातीनुसार आणि लांबीनुसार महिन्यातून किती वेळा खावं ते दिलं आहे. कोहो लहान आणि तरुण असतो, घरी न्यायला मला तोच बरा वाटतो.

शेवटी बूच. होडीच्या तळाचं बूच लावल्याशिवाय ती ट्रेलरवरून उतरवायची नाही. एका पहाटे गप्पांच्या नादात आमचं राहिलं, आणि धक्क्यापासून हात सोडायच्या आत पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. त्या दिवसापासून बूच इंजिनाच्या किल्लीच्या कडीत अडकवलेलं असतं. ते हातात घेतल्याशिवाय किल्ली फिरत नाही. परतल्यावर धक्क्यावरच ते काढा, पाणी सोडून द्या, मगच रस्त्याला लागा. शिंपले आणि ते काटेरी जीव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून मिशिगनचा तसा कायदा आहे. बूच पुसून पुन्हा कडीत.