मज्जासंदेश शिकताना या चुका टाळा: पंप, चॅनेल आणि सिनॅप्सचे नेहमीचे घोळ

अ‍ॅक्शन पोटेन्शियलच्या (मज्जापेशीच्या पटलावरचा क्षणिक व्होल्टेज-बदल, म्हणजेच मज्जासंदेश) प्रश्नात उणे ७० (विश्रांती), उणे ५५ (थ्रेशोल्ड, म्हणजे संदेश सुरू होण्याची पातळी) आणि अधिक ३० (शिखर) मिलिव्होल्ट हे आकडे बहुतेकांना तोंडपाठ असतात. तरीही उत्तर चुकतं, कारण प्रत्येक टप्प्यावर एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: या क्षणी कोणतं चॅनेल (पटलातली आयनांची वाट) उघडं आहे आणि त्यातून कोणता आयन (भारित कण) कुठल्या दिशेने जाणार? पुढच्या जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ इथेच आहे.

पंपाला नको ते श्रेय देणं

"आत आलेलं सोडियम सोडियम-पोटॅशियम पंप बाहेर टाकतो आणि पेशी विश्रांतीच्या स्थितीत परतते." उत्तरपत्रिकांत सर्रास दिसणारं हे वाक्य चूक आहे. शिखर गाठेपर्यंत सोडियम चॅनेल्स निष्क्रिय होऊ लागलेली असतात आणि व्होल्टेजवर चालणारी पोटॅशियम चॅनेल्स उघडत असतात. पोटॅशियम आत लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, बाहेर जेमतेम ४. त्यात आतली बाजू त्या क्षणी धन झालेली. म्हणजे संहतीतला (द्रावणातल्या प्रमाणातला) फरक आणि विद्युतभार दोन्ही पोटॅशियमला बाहेरच ढकलतात, आणि एक-दोन मिलिसेकंदांत व्होल्टेज खाली येतं.

पंपाला हे जमणारच नाही. तो एका फेरीत ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेतो, आणि अशा एका फेरीलाच काही मिलिसेकंद लागतात. उघड्या चॅनेलमधून सेकंदाला दहा लाखांहून जास्त आयन जाऊ शकतात. पंप रसायनाने बंद पाडला तरी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूतून (मज्जापेशीच्या लांब धाग्यातून) हजारो संदेश जात राहतात. पंपाचं काम संहतीतला फरक टिकवण्याचं आहे, आणि ते मिनिटा-तासांच्या हिशोबाने चालतं.

याला जोडूनच दुसरी चूक येते: संदेश गेला की आत सोडियम भरून जातं आणि पोटॅशियम संपतं, असं समजणं. हिशोब करून पाहा. पेशीपटलाची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड असते. व्होल्टेज १०० मिलिव्होल्टने बदलायला दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे १ पिकोमोल आयन पुरतात. प्रत्यक्षात सोडियम आणि पोटॅशियमचे प्रवाह काही काळ एकाच वेळी चालतात, त्यामुळे ३-४ पिकोमोल लागतात. अर्धा मिलिमीटर जाडीच्या अक्षतंतूत हे प्रमाण आतल्या पोटॅशियमच्या साधारण दहा लाखांत एक भरतं. अर्ध्या मायक्रोमीटरच्या तंतूत मात्र आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभाग हजारपट असतो, म्हणून तिथे तेच प्रमाण हजारात एकाच्या घरात जातं. बारीक तंतूंना पंपाची गरज लवकर भासते ती यामुळे.

"बंद" आणि "निष्क्रिय" एकच समजणं

सोडियम चॅनेलच्या तीन अवस्था असतात: बंद, उघडं, निष्क्रिय. बंद चॅनेल उद्दीपन मिळताच उघडू शकतं. निष्क्रिय चॅनेल पटल पुन्हा पुरेसं ऋण होईपर्यंत कितीही जोराच्या उद्दीपनाने उघडत नाही. हा फरक लक्षात आला की सुमारे एक मिलिसेकंदाचा विरामकाळ (एका संदेशानंतर दुसरा सुरू होऊ न शकण्याचा काळ) आपोआप समजतो. आलेला संदेश लगेच मागे का वळत नाही, तेही समजतं.

पण याचा अर्थ अक्षतंतू एकदिशा आहे असा घेऊ नका. प्रयोगात तो मधोमध उद्दीपित केला तर संदेश दोन्ही टोकांकडे जातो. शरीरात तो एका टोकाला सुरू होतो म्हणून एका दिशेने जातो, आणि रासायनिक सिनॅप्स (दोन पेशींमधला रसायनाने संदेश पोचवणारा सांधा) त्याला उलटा ओलांडू देत नाही.

खरी कसोटी लागते ती बाहेरचं पोटॅशियम वाढल्यावर काय होईल, या प्रश्नात. ३७ अंश सेल्सिअसला नर्न्स्टच्या सूत्राने पोटॅशियमचं समतोल व्होल्टेज (ज्याला त्याची निव्वळ ये-जा थांबते ते) काढा: बाहेर ४ असताना ६१ × log(४/१४०) म्हणजे उणे ९४, बाहेर ८ झालं की उणे ७६. विश्रांतीचं व्होल्टेजही थ्रेशोल्डकडे सरकतं, म्हणून "पेशी जास्त उत्तेजनशील होईल" असं लिहून अनेक जण थांबतात. सुरुवातीला तसं होतंही. पण पटल असंच कमी ऋण राहिलं, तर सोडियम चॅनेल्स एकेक करून निष्क्रिय होत जातात आणि पुन्हा तयार होत नाहीत. शेवटी स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात.

आकडेमोडीतल्या चुका

उत्तर विचित्र आलं तर आधी एकक तपासा. कॅल्शियम बाहेर सुमारे १.२ मिलिमोल, आत १०० नॅनोमोल म्हणजे ०.०००१ मिलिमोल. हे रूपांतर विसरलं की उत्तराचं चिन्हच उलटतं. मग भार: कॅल्शियमचा भार २, म्हणून ६१ ऐवजी ३०.५ घ्यायचे, उत्तर अधिक १२४ च्या आसपास यायला हवं. क्लोराइड ऋण आहे, तिथे आत-बाहेरचं गुणोत्तर उलटं मांडा.

मज्जासंदेशाचं गणित मांडणाऱ्या हॉजकिन आणि हक्सली यांचे १९५२ चे मूळ शोधनिबंध वाचत असाल तर सावध राहा: तिथे व्होल्टेज विश्रांतीपासून मोजलेलं आहे आणि चिन्हं आजच्या रिवाजाच्या उलट आहेत. शिवाय ती समीकरणं ६.३ अंश सेल्सिअससाठी मांडलेली आहेत, त्यामुळे तिथले मिलिसेकंद जसेच्या तसे माणसाला लावू नका.

वेग आणि जोर

मज्जासंदेश तारेतल्या विजेच्या वेगाने धावत नाही. मायलिन (तंतूभोवतीचं मेदयुक्त वेष्टन) नसलेल्या बारीक तंतूत वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर असतो, मायलिन असलेल्या जाड तंतूत १२० मीटरपर्यंत. आयन अक्षतंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत जात नाहीत. प्रत्येक ठिकाणी ते पटल ओलांडतात आणि स्थानिक प्रवाह पुढचा भाग थ्रेशोल्डपर्यंत नेतो. उद्दीपन वाढवल्याने एकेका संदेशाची उंची वाढत नाही. वाढते ती वारंवारता आणि सहभागी तंतूंची संख्या.

सिनॅप्सवर

न्यूरोट्रान्समीटर (सिनॅप्सवर संदेश नेणारं रसायन) पुढच्या पेशीत शिरतो, ही समजूत फार चिवट आहे. तो पटलावरच्या ग्राहीला (त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला) जोडला जातो, एवढंच. सिनॅप्सवर सुमारे अर्धा मिलिसेकंद उशीर होतो, त्याचं खापर फटीवर फोडतात. पण २०-३० नॅनोमीटरची फट रेणू काही मायक्रोसेकंदांत पार करतो. वेळ जातो तो मुख्यतः कॅल्शियम चॅनेल उघडून पुटिका (रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या) रिकाम्या होण्यात.

अमुक रसायन उत्तेजक, तमुक शामक, अशी यादीही पाठ करू नका. परिणाम ग्राही ठरवतो. अ‍ॅसिटिलकोलीन कंकाल स्नायू आकुंचित करतं आणि तेच हृदयाची गती मंदावतं, कारण स्नायूवर निकोटिनिक ग्राही आहेत आणि हृदयात मस्कारिनिक, हे त्याच्या ग्राहींचे दोन वेगळे प्रकार. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत हे स्पष्ट दिसतं. अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं विकर (एन्झाइम) अडतं, रसायन साचतं, स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात: ग्राही प्रतिसाद देईनासे होतात आणि सतत कमी ऋण राहिलेल्या पटलावरची सोडियम चॅनेल्स निष्क्रिय होतात. अ‍ॅट्रोपिन हे औषध दिल्यावर मंदावलेलं हृदय सावरतं, श्वासनलिकेतला स्राव आटतो. स्नायूंची दुर्बलता मात्र त्याने जात नाही, कारण ते फक्त मस्कारिनिक ग्राही अडवतं.