डिस्चार्ज कार्ड दवाखान्यातच वाचा

बाबांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन मिरजेला झालं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मेडिक्लेमची फाईल लावायला बसले, तर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं: ‘बीपी, 10 वर्षे’. बाबांची गोळी सुरू होऊन जेमतेम 10 महिने झाले होते आणि पॉलिसी 4 वर्षांची. म्हणजे कागदावर आम्ही आजार लपवून पॉलिसी घेतलेली! दाखल करताना शिकाऊ डॉक्टरने महिन्यांची वर्षं केली. दुरुस्तीचं सही-शिक्क्याचं पत्र आणि गोळी पहिल्यांदा लिहून दिलेली चिठ्ठी जमवायला माझ्या चार खेपा झाल्या.

तेव्हा कार्ड हातात पडलं की काउंटरवरच उभं राहून वाचा. नाव पॉलिसीवर आहे तसंच आहे का, दाखल झाल्याची तारीख-वेळ बरोबर आहे का, आणि मुख्य म्हणजे जुना आजार किती दिवसांचा लिहिलाय. दाखल करताना माहिती सांगायला घरातलं नीट ठाऊक असलेलं माणूस ठेवा. आमच्या आत्यासारखं ‘लई वर्षं झाली हो’ तिथं महागात पडतं. खरा आजार मात्र पॉलिसी घेतानाच फॉर्मवर लिहा. सलग 5 वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आमचं एक वर्ष कमी होतं.

दुसरा फटका खोलीचा. पॉलिसी 3 लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. आईला खिडकीची खोली हवी होती, ती 5,000 ची. मला वाटलं, वरचे 2,000 आपण भरू. तसं नसतं. अशा पॉलिसीत सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही त्याच प्रमाणात, पाचातले तीन भाग, मिळतात. 40,000 च्या बिलावर 16,000 आपल्या खिशातून. औषधांना ही कात्री नाही. खोली निवडण्याआधी पॉलिसीतली ही ओळ शोधा.

कॅशलेस असेल, म्हणजे बिल विमा कंपनी थेट दवाखान्याला देणार असेल, तर 2024 च्या नियमानुसार कंपनीने मंजुरीचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जचा 3 तासांत द्यायचा असतो. पण ते 3 तास दवाखान्याची विनंती कंपनीकडे पोचल्यापासून धरतात. बिलाच्या खिडकीवर फाईल पडून असते तो वेळ त्यात येत नाही, म्हणून तिथंच तगादा लावा.

आमच्यासारखे पैसे नंतर मागायचे असतील तर अस्सल बिलं, प्रत्येक औषधाच्या बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट, कॅन्सल चेक. देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स. क्लेम फॉर्मचा दुसरा भाग दवाखाना भरतो. तो डिस्चार्जच्या दिवशीच मागा.

क्लेम नाकारला तर फोनवर वाद घालू नका. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निकाल देणारा अधिकारी. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतची तक्रार घेतात. फक्त कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जा.

आमचे पैसे आले, खोलीचं प्रमाण आणि हातमोज्यांचे पैसे कापून. बाबांना आता कुठल्याही डॉक्टरने बीपीचं विचारलं की ते थेट गोळी सुरू केल्याची तारीखच सांगतात.