चालत्या गाडीत बॅटरी उतरतेय? नवी घेण्याआधी मल्टिमीटर लावा

गाडी चालू असतानाच हेडलाइट मंदावतात, बॅटरीचा लाल दिवा लागतो. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीत नसतो, चार्जिंगमध्ये असतो.

१. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवे.

२. इंजिन सुरू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावा, रेस थोडी वाढवा. १३.८ ते १४.५ आले तर चार्जिंग ठीक. १३ च्या खाली म्हणजे गडबड. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग) गेला.

३. कमी आले तर इंजिन बंद करून आधी अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा, इंजिनवर चालणारा जनरेटर) बेल्ट बघा: ढिला, चकाकणारा, तेलकट? मग टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, घासून काढा आणि टर्मिनल घट्ट करा.

४. तरीही कमीच? इंजिन आणि लाइट चालू ठेवून मल्टिमीटरचा एक प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची वायर खराब. ही तपासणी अनेकदा राहून जाते आणि चांगला अल्टरनेटर उगाच बदलला जातो.

इंजिन चालू असताना टर्मिनल काढून ‘चेक’ करू नका. व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकतो.